मास इफेक्ट लेजेंडरी एडिशन: पावसाळा ते दिवाळी खेळल्यावर, लिफ्टमधलं स्किप दाबू नका

हा गेम मी पुन्हा विकत घेतला त्याला कारण राजारामपुरीतलं एक रिपेअरिंगचं दुकान. जुन्या डेस्कटॉपची हार्ड डिस्क खरखर करायला लागली म्हणून तिथं नेऊन दिला. आधी डेटा काढा, मग काय ते करा, असं दोनदा बजावून सांगितलं होतं. त्यांनी न विचारता फॉरमॅट मारला आणि वर सर्व्हिसचे पैसे घेतले. फोटो दुसरीकडं होते, पण मास इफेक्ट या अंतराळातल्या गोष्टीच्या गेमच्या तिन्ही भागांचे सेव्ह, म्हणजे कुठवर खेळलो त्याच्या नोंदी, गेल्या. काउंटरवरचा पोरगा म्हणतो, "गेमच होता न्हवं?" अजून आठवलं की डोकं तापतं. पहिल्या भागात कुणाला वाचवलं, कुणाला काय शब्द दिला, हे सगळं सेव्हमधून दुसऱ्या भागात जातं आणि तिथून तिसऱ्यात. कॉलेजातली माझी सगळी रात्रपाळी त्या डिस्कवर होती. तुमचं सेव्हचं फोल्डर डॉक्युमेंट्समध्ये गेम बनवणाऱ्या बायोवेअरच्या नावाखाली असेल, आजच पेनड्राइव्हवर घ्या.

सेलमध्ये किंमत बरीच उतरली होती तेव्हा लेजेंडरी एडिशन घेतली. २०२१ साली आलेली ही आवृत्ती, तिन्ही भाग आणि जवळपास सगळे डीएलसी, म्हणजे नंतर आलेले जादा भाग, एकत्र. जागा मात्र १२० जीबी लागते, त्यामुळं एसएसडीचा खर्चही आलाच. सुरुवातीला मला हा व्यवहार तोट्याचा वाटला. पिनॅकल स्टेशन हे डीएलसी यात नाही, कारण त्याचा मूळ कोडच खराब झालेला निघाला. तिसऱ्या भागाचं मल्टिप्लेअर काढून टाकलंय. पहिल्या भागातला उजेड वाढवलाय, तो मला अजूनही पटत नाही. सुरुवातीच्या ईडन प्राइम ग्रहावरचं ते लालसर, भीती घालणारं आभाळ मला जसंच्या तसं हवं होतं.

मत बदललं ते ग्रहांवर फिरायच्या माको गाडीमुळं. जुन्या भागात ही गाडी डोंगरावर चेंडूसारखी उडायची. आता तिला वजन आलंय, ढाल लवकर भरते, वेगासाठी मागं बूस्टर दिलाय, आणि गाडीत बसून शत्रू मारला तर पूर्वीसारखे पॉइंट कापले जात नाहीत. ऑटोसेव्हही वाढवलेत. २००८ च्या सुमाराला ज्यांनी लोडशेडिंगमध्ये हा गेम खेळलाय त्यांना याची किंमत कळेल. भारनियमनाची वेळ वर्तमानपत्रात बघून मिशनला हात घालायला लागायचा आम्हाला. एवढं सगळं नीट केलेलं बघून पैसे वसूल झाले असं मी मान्य केलं.

आता मूळ मुद्दा, लिफ्ट.

मूळ गेममध्ये सिटाडेल या अवकाशस्थानकातली लिफ्ट रेंगाळत जायची, कारण तिच्याआड पुढचा भाग लोड होत असायचा. लोक वैतागायचे. पण त्या वेळात बरोबरचे दोघं साथीदार एकमेकांशी बोलायचे. टाली आपल्या लोकांच्या जहाजांच्या ताफ्यावरचं जगणं सांगायची. गॅरस आणि रेक्स एकमेकांना चाचपायचे. स्पीकरवर बातम्या लागायच्या, आणि त्यात मी नुकताच जिथून आलो त्या फेरॉस किंवा नोव्हेरिया ग्रहाचं नाव यायचं. आपण केलेल्या कामाची जगाला दखल आहे, हे त्या लोखंडी डब्यात उभं राहून कळायचं. नव्या आवृत्तीत लोडिंग झटपट होतं, आणि ते झालं की स्किपचं बटण दिसतं. बोलणं शाबूत आहे, ऐकायचं असेल तर फक्त थांबायचं.

माझा भाचा अकरावीला आहे. त्यानं याच लॅपटॉपवर स्वतःचा वेगळा शेपर्ड, म्हणजे गेमचा नायक, सुरू केला. त्याला वाट बघायची सवय नाही. मी खेळत असलो की शेजारून टोचणी, "मामा, दाब की ते बटण, किती वेळ लिफ्टमधी उभा राहतोयस!" स्वतःच्या गेममध्ये त्यानं एकही बोलणं पुरं ऐकलं नाही. व्हर्मायर ग्रहावर पोचला. तिथं ॲशली आणि कायडन या साथीदारांतल्या एकालाच वाचवता येतं, हे जुन्या खेळाडूंना सांगायला नको. त्यानं दोन सेकंदांत कायडन निवडला आणि मला विचारलं, "ती गुलाबी-पांढऱ्या चिलखतवालीच ना ॲशली?" या जागी मी कॉलेजात असताना रात्रभर अडलो होतो. आणि ह्याला ती कोण हेच माहीत नाही! रेक्सही त्याच्या हातून तिथंच गेला. मग दुसऱ्या भागात रेक्सच्या टुचांका ग्रहावर उतरल्यावर माझ्या शेपर्डला रेक्स सिंहासनावरून उठून येऊन आनंदानं भेटला, आणि भाच्याला तिथं रेक्सचा भाऊ रीव्ह भेटला, तुसडा. "तुझ्यात हा वेगळाच कसा काय?" म्हणाला. त्यानंतर मात्र गडी बटणाला हात लावीना झाला.

दुसऱ्या भागात लिफ्टच काढून टाकल्यात, साधा लोडिंग स्क्रीन आहे. पण गॅरस आणि टालीला एकत्र घेऊन सिटाडेलवर नक्की जा. गॅरस तिला लिफ्टमधल्या गप्पांची आठवण काढून देतो, पुन्हा सांग म्हणतो, आणि टाली शेवटी आपल्याकडं शॉटगन आहे हे त्याच्या ध्यानात आणून देते. पहिल्या भागात स्किप दाबत आलेल्याला यातलं काही कळणार नाही. ग्रहांवर खनिजं हुडकायचं काम अजून तेवढंच कंटाळवाणं आहे, त्याची बाजू मी घेणार नाही. कुठं थांबायचं नाही हेही याच भागाला पक्कं ठाऊक आहे. आपल्या नॉर्मंडी जहाजावरचे लोक पळवले गेल्यावर ओमेगा ४ रिले या शत्रूकडं नेणाऱ्या अवकाशदारातून ताबडतोब गेलात तर सगळे वाचतात. आणखी एक-दोन मोहिमा उरकत बसलात की निम्मे जातात, आणि फारच रेंगाळलात तर डॉक्टर चॅकवास तेवढ्या उरतात. लिफ्टमध्ये ज्यानं माणसं ओळखून घेतली त्याचे पाय इथं आपोआप उचलतात.

तिसऱ्या भागाच्या शेवटावर २०१२ मध्ये एवढं भांडण झालंय की मी पुन्हा काढत नाही. तो शेवट वाढवून दिलेला एक्स्टेंडेड कट यात आहे, मला तो पुरेसा वाटला. मला तिथं आवडली ती नॉर्मंडीवरच्या वॉर रूमची स्कॅनरवाली चौकी. दारात दोन पहारेकरी मुली उभ्या असतात, स्कॅन होईपर्यंत आपण अडकतो, आणि त्या आपसात बोलत असतात. लोडिंग लपवायचीच ही युक्ती. पण युद्ध पुढं सरकतं तसं त्यांचं बोलणंही बदलत जातं, घरच्यांची काळजी त्यात यायला लागते. काम नसताना मी त्या दारातून ये-जा केलीय.

पुढचा मास इफेक्ट तयार होतोय हे २०२० पासून जाहीर आहे. नव्या मशीनवर लोडिंगसाठी लिफ्टची गरजच पडणार नाही, म्हणजे ती ठेवायची तर मुद्दाम ठेवावी लागेल. ती ठेवावी, सावकाश चालणारी ठेवावी, आणि स्किपचं बटण द्यायचंच असेल तर सेटिंगमध्ये आत कुठं तरी द्यावं.