फूबार २००० चा कन्व्हर्टर : काही महिन्यांच्या वापरानंतर

गेले काही महिने मी फोनवर ऐकण्यासाठीच्या सगळ्या फाइली फूबार २००० या मोफत प्लेअरच्या कन्व्हर्टरमधून, म्हणजे ध्वनिफाइल एका स्वरूपातून दुसऱ्यात बदलणाऱ्या सोयीतून, तयार करतो आहे. माझ्या संग्रहात ख्याल आणि नाट्यसंगीत अधिक असल्यामुळे पुढील निरीक्षणे मुख्यतः गळा, तंबोरा आणि तबला यांच्याविषयीची आहेत. कन्व्हर्टर वेगवान आहे, टॅगही (फाइलीतच लिहिलेली गाण्याचे नाव, गायक अशी माहिती) नव्या फाइलीत नीट उतरतात. मात्र तयार फाइल कशी वाजेल हे आपण त्याला कोणती मूळ फाइल देतो यावर अवलंबून असते.

सीडीवरून काढलेल्या फ्लॅक (ध्वनीतले काहीही न गमावता आकार कमी करणारे स्वरूप) फाइलीची १२८ केबीपीएसची (सेकंदाला १२८ किलोबिट) ओपस फाइल केली; ओपस हे एमपी३सारखेच ध्वनीचा काही भाग गाळून जागा वाचवणारे स्वरूप आहे. तेव्हा, कोणती फाइल वाजते आहे हे न कळता तुलना करण्याच्या एबीएक्स चाचणीत मला दोन्हींतला फरक ओळखता आला नाही. त्याच सीडीची जुनी १२८ केबीपीएसची एमपी३ ओपसमध्ये बदलली, तेव्हा मात्र तबल्याच्या चाटेवरच्या ‘ना’चा कडकपणा बोथट झाला, प्रत्येक आघाताच्या किंचित आधी धूसर खरखर ऐकू येऊ लागली आणि तंबोऱ्याच्या जवारीला पाण्याखालून आल्यासारखी थरथर आली.

एमपी३ ध्वनीचे ५७६ वारंवारता-घटकांत विभाजन करते आणि मोठ्या आवाजाखाली झाकले जाईल तेवढी चूक प्रत्येक घटकात राहू देऊन जागा वाचवते. फाइल उलगडल्यावर ती चूक जात नाही. रूपांतर करताना दुसरा एन्कोडर (ध्वनी संक्षिप्त करणारा प्रोग्राम) तिलाही संगीतच समजतो, तिच्यावर बिट खर्च करतो आणि आपली नवी चूक तिच्यात मिसळतो, त्यामुळे पहिल्या वेळी जेमतेम झाकलेला गोंगाट आता उघडा पडतो. एएसी या दुसऱ्या संक्षेपण-स्वरूपाची विभागणी १०२४ घटकांची, म्हणजे तिथे मापच वेगळे. पण एमपी३वरून पुन्हा एमपी३ केली, तरी एन्कोडरच्या विलंबामुळे फ्रेमच्या (ध्वनीच्या छोट्या तुकड्यांच्या) सीमा सरकतात आणि नुकसान होतेच.

१२८ची फाइल ३२०मध्ये बदलून ती ‘सुधारता’ येते, हा समज मला सर्वांत घातक वाटतो. आकार अडीचपट होतो, पण सुमारे १६ किलोहर्ट्झच्या वरचा कापला गेलेला भाग स्पेक या वारंवारता दाखवणाऱ्या प्रोग्रामच्या आलेखात तसाच रिकामा दिसतो. एमपी३ची फ्लॅक केल्याने नवे नुकसान होत नाही, पण गेलेले काही परतही येत नाही.

अनेकदा रूपांतराची गरजच नसते. आवाजाची पातळी सारखी करायची असेल, तर फूबारमधील रीप्लेगेन केवळ टॅग लिहितो आणि ध्वनीला हात लावत नाही. एमपी३चा तुकडा कापायचा असेल, तर एमपी३डायरेक्टकट हा प्रोग्राम पुन्हा एन्कोड न करता तो कापून देतो. एमपी४ चित्रफितीतील एएसी ध्वनीही एफएफएमपेग या प्रोग्रामने जसाच्या तसा एम४ए या केवळ ध्वनीच्या फाइलीत काढता येतो. ब्लूटूथवर पाठवताना एसबीसीसारखा कोडेक (ध्वनी संक्षिप्त करून पाठवणारी पद्धत) शेवटी बहुधा आणखी एकदा संक्षेपण करतोच, म्हणून त्याआधी रूपांतराचे टप्पे कमीत कमी ठेवावेत, असे माझे ठाम मत आहे.

तासाभराच्या सीडीची फ्लॅक प्रत साधारण ३५० मेगाबाइट जागा घेते. ती मी हार्ड डिस्कवर कायम ठेवतो आणि फोनसाठीची ओपस प्रत दर वेळी तिच्यावरूनच काढतो. जी ध्वनिमुद्रणे माझ्याकडे केवळ एमपी३मध्ये आहेत, ती फोनवर न बदलता ठेवली आहेत, आणि घरगुती बैठकींसाठीचा रेकॉर्डर आता वेव्ह या संक्षेपण न करणाऱ्या स्वरूपावर लावलेला असतो.