ब्रेकची ‘चीं’ की ‘घर्र’: गाडी चालवावी की जागेवर ठेवावी?

ब्रेक वाजायला लागले की आवाज किती मोठा आहे, यावरून आपण घाबरतो. पण अख्ख्या सिग्नलने वळून बघावं अशी ‘चीं’ असेल तर दुरुस्ती बरेचदा चार दिवस थांबू शकते. दबक्या ‘घर्र’ची दुरुस्ती मात्र एक दिवसही थांबणारी नसते.

पावसाळ्यात रात्रभर उघड्यावर राहिलेल्या गाडीच्या डिस्कवर, म्हणजे चाकासोबत फिरणाऱ्या ब्रेकच्या लोखंडी चकतीवर, तांबूस गंज धरतो. सकाळी पहिल्या चार-सहा ब्रेकला आवाज येतो आणि गंज घासला गेला की बंद होतो. यासाठी गॅरेज गाठायची गरज नाही. दुपारी, कोरड्या रस्त्यावरही ‘चीं’ येतच असेल, तर डिस्कला दाबून गाडी थांबवणारे पॅड बघून घ्या. नवा पॅड साधारण 10 ते 12 मिमी जाड असतो. तो 2-3 मिमीवर आला की बऱ्याच पॅडवर बसवलेली पोलादी पट्टी डिस्कला टेकून किंचाळते. तिचं कामच ते. ब्रेक अजून लागत असतात आणि बहुतेक वेळा नुसते पॅड बदलून भागतं.

‘घर्र’ म्हणजे पॅडचा मसाला संपून मागची लोखंडी प्लेट थेट डिस्कला घासतेय. पेडलवर पायाला खरखर जाणवते, गाडी थांबायला जास्त अंतर घेते. डिस्क पूर्ण थंड झाल्यावर बोट फिरवा, खोल खाचा लागतील. अशी गाडी चालवत नेऊ नका. मेकॅनिकला बोलवा किंवा टो करा.

चाकाच्या फटीतून बाहेरचा पॅड जाड दिसतो म्हणून निर्धास्त राहू नका. पॅड डिस्कवर दाबणाऱ्या कॅलिपरच्या पिना जाम झाल्या की आतला पॅड आधी संपतो. चाक काढूनच तपासायला सांगा, हा आग्रह सोडू नका.

पेडल न दाबताही खरखर येत असेल तर डिस्कमागच्या पत्र्यात खडा अडकलेला असू शकतो. वेगासोबत वाढणारी ‘घूं’ बहुधा बेअरिंगची. करकचून ब्रेक मारल्यावर पेडल थरथरून गुरगुरलं तर एबीएस, म्हणजे चाकं लॉक होऊ न देणारी यंत्रणा, आपलं काम करतंय.

खाचा पडलेली डिस्क लेथवर मारायची, म्हणजे मशीनवर तासून सपाट करायची, की नवी टाकायची? डिस्कवर किमान जाडी कोरलेली असते. लेथवर मारून जाडी त्याखाली जाणार असेल, तर नवीच टाका. आणि पॅड डाव्या-उजव्या दोन्ही चाकांचे एकदमच बदला, नाहीतर ब्रेक मारताना गाडी एका बाजूला ओढते.