आमच्या पेठेतली रायफल रेंज: चार तारे, एक जॅकेटपायी कापला
१ ऑगस्ट २०२४ ला कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेनं नेमबाजीत पॅरिस ऑलिंपिकमध्ये ब्राँझ मारलं आणि रात्री जेवताना आमच्या कन्येनं जाहीर केलं, "बाबा, मला नेमबाजी." कोल्हापुरात राहून नाही कोण म्हणणार? आता तिला रेंजवर जाऊन वर्ष होत आलंय, म्हणून लिहितोय.

रेंज म्हणजे जुन्या गोडाऊनमधल्या १० मीटरच्या सहा लेन. महिना तीन हजार, रायफल त्यांची. हे फार मोठं काम आहे, कारण स्वतःची जर्मन रायफल घ्यायची तर लाखांत हात घालावा लागतो. सर शांत. पहिले पंधरा दिवस पेलेटला, म्हणजे एअर रायफलच्या बारक्या गोळीला, हातच लावू दिला नाही. नुसतं उभं राहायचं, श्वास धरायचा, रिकामा ट्रिगर दाबायचा. पोरगी वैतागली, मला पटलं. निशाण्यावरचा दहा गुणांचा मधला ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा असतो, तिथं घाई करून काय मिळणार?

आता तक्रार. नेम धरताना अंग स्थिर ठेवणारी जाड जॅकेटं तीनच, तीही थोराड पोरांच्या मापाची. हे जॅकेट अंगाला गच्च बसलं तरच कामाचं. आमच्या पोरीच्या खांद्यावरून ते पोत्यासारखं लोंबतं.

पेलेट मात्र आपले आपण आणायचे आणि खिसा तिथंच फाटतो. डब्यात ५००. रोज शंभर मारले तर पाच दिवसांत डबा खडखडीत. महिन्याला पाच लागतात, आम्ही दोन आणतो. मग ती मोजून चाळीस मारते आणि उरलेला वेळ रिकामी रायफल धरून उभी राहते.

पॅरिसला केनियानं ११ पदकं नेली, सगळी पळून; पळायला पेलेट लागत नाहीत. आपली सहा, त्यातली तीन नेमबाजीची. देश म्हणून आपली अर्थव्यवस्था जगातल्या मोठ्यांत मोजतात खरी, पण पेलेटचा डबा माझ्या पगारातून येतो. १९५२ ला पैलवान खाशाबा जाधवांना हेलसिंकी ऑलिंपिकला धाडायला राजाराम कॉलेजच्या प्राचार्यांनी घर गहाण टाकलं होतं. बायकोला हे सांगितलं, तर म्हणाली, "आपलं घर भाड्याचं आहे."

जायचं असेल तर सकाळी सहाची बॅच धरा. संध्याकाळी लेन मिळत नाही. आणि जॅकेट आधी घालून बघा, मगच फी भरा.