‘गॅस कमी झालाय’ म्हणत एसीवाला अडीच-तीन हजार कसे काढतो

मार्च लागला की ठाण्याच्या घोडबंदर रोडपासून नवी मुंबईतल्या घणसोलीपर्यंत स्वस्त एसी सर्व्हिसिंगच्या चिठ्ठ्या सोसायट्यांत फिरू लागतात. आलेला माणूस फिल्टर धुतो, आउटडोअरला, म्हणजे बाहेरच्या युनिटला, गॅसचं प्रेशर मोजणारा गेज लावतो आणि काटा दाखवतो : "साहेब, गॅस कमी आहे." काटा खरंच खाली असतो. पण तो त्यानेच आणलेला असतो.

आउटडोअरच्या बाजूला दोन पितळी व्हॉल्व्ह असतात. बारीक पाइपचा व्हॉल्व्ह ॲलन कीने (षटकोनी किल्लीने) जरासा आवळला की आत जाणारा गॅस अडतो, कॉम्प्रेसर मात्र ओढत राहतो आणि जाड पाइपवरचं प्रेशर घसरतं. ‘गॅस भरताना’ तोच व्हॉल्व्ह परत मोकळा केला की काटा वर. सिलिंडर नुसता शोभेला. गेज जाड पाइपवर लागतो. साध्या सर्व्हिसिंगला बारीक पाइपची टोपी उघडायचं काहीच कारण नाही. तिथे ॲलन की गेली की काम थांबवा. शिवाय इन्व्हर्टर एसीत कॉम्प्रेसरचा वेग बदलत राहतो, तेव्हा नुसत्या काट्यावर निदान करणारा एक तर अडाणी, नाही तर लबाड.

तो येण्याआधीच फिल्टर धुऊन एसी 18 वर पंधरा मिनिटं चालवा. आत जाणाऱ्या आणि बाहेर येणाऱ्या हवेत 8 ते 12 अंशांचा फरक असेल तर गॅसचा प्रश्नच नाही.

गॅस वापराने संपत नाही, गळतो. आणि आपल्याकडे गोम अशी, की तो खरंच गळतो. खाडी आणि नाल्यांतून येणारा हायड्रोजन सल्फाइड तांब्याची कॉइल काळी पाडतो, मग तिला बारीक छिद्रं पडतात. ऐरोली-वाशीकडे हे कुणालाही पटतं, त्याचाच फायदा घेतला जातो. गळती न शोधता भरलेला गॅस थोड्याच दिवसांत उडतो आणि तोच माणूस पुन्हा दारात.

खरं काम वेळखाऊ असतं : नायट्रोजनचं प्रेशर देऊन साबणाच्या पाण्याने गळती शोधायची, ती बुजवायची किंवा कॉइल बदलायची, मग पाइपांतली हवा आणि ओल ओढून घ्यायला वीस-तीस मिनिटं व्हॅक्यूम पंप आणि शेवटी वजनकाट्यावर सिलिंडर ठेवून गॅस. किती, ते आउटडोअरच्या पट्टीवर छापलेलं असतं. आर-32 प्रकारचा गॅस असलेल्या दीड टनाच्या एसीला साधारण 700 ग्रॅम ते एक किलो. वजनकाटा आणलाच नसेल तर परत पाठवा.

बिलावर गॅसचा प्रकार, ग्रॅम आणि गळतीची जागा लिहून घ्या, मगच यूपीआय करा. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर, म्हणजे 1915 वर, तक्रार करताना हाच कागद लागतो.