व्ह्यूस्कॅन: लाल पडलेल्या स्लाइडना उतारा

एक्टाक्रोम या कोडॅकच्या जुन्या स्लाइड फिल्ममधला सायन (निळसर हिरवा) रंग अंधाऱ्या डब्यातही आधी उडतो आणि चित्र लाल पडतं. व्ह्यूस्कॅन या स्कॅनिंग सॉफ्टवेअरच्या फिल्टर टॅबमधला ‘रिस्टोअर कलर्स’ हा पर्याय रंगांचा तोल बराच सावरतो, पण सावल्यांतली लाली उरतेच. तिथे फोटो-एडिटरमध्ये लाल चॅनलच्या कर्व्हचं (उजेड-अंधार ठरवणाऱ्या रेषेचं) खालचं टोक उजवीकडे सरकवावं लागतं. स्कॅन ४८ बिटमध्येच (दर चॅनलला १६ बिट) करा. ८ बिट जेपेगमध्ये लाल चॅनलमधली तुटपुंजी माहिती ताणली की आकाशात पट्टे उमटतात. रॉ फाइल, म्हणजे दुरुस्तीआधीचा मूळ स्कॅन, जपली, तर स्लाइड पुन्हा न लावता हवे तेवढे प्रयोग करता येतात. व्ह्यूस्कॅनला पैसे मोजावेत ते यासाठीच! कोडाक्रोम या कोडॅकच्या दुसऱ्या स्लाइड फिल्मवर मात्र इन्फ्रारेड सफाई (इन्फ्रारेड किरणांनी धूळ ओळखून पुसण्याची सोय) बंद ठेवा, नाहीतर गडद भागातला बारीक तपशील धूळ समजून पुसला जातो.