शेकचा डबा की मोजून वाढलेलं ताट?

वजन कमी करायचं म्हटलं की हल्ली आमच्याकडे पहिला सल्ला मिळतो तो शेकचा, म्हणजे जेवणाऐवजी डब्यातली पावडर दुधात किंवा पाण्यात घुसळून प्यायचा. सकाळी कुणाच्या तरी हॉलमध्ये शेक विकणाऱ्यांचा क्लब भरतो, काट्यावर उभं करतात, अंगातल्या चरबीचा आकडा सांगतात आणि मोठा ग्लासभर फेसाळ शेक हातात देतात. आमच्या घरात दोन्ही प्रयोग झाले. मी चार महिने दोन वेळा शेक आणि एक वेळ जेवण असं केलं. त्याच काळात माझ्या जाऊबाई घरचंच जेवण मोजून जेवल्या. माझे नऊ किलो उतरले, त्यांचे पाच. सहा महिन्यांनी माझे सहा परत आले होते आणि त्यांचा काटा जागेवर होता. दोन बायकांवरून नियम निघत नाही, पण कारण समजून घेण्यासारखं आहे.

शेकने वजन उतरतं हे खरं आहे. पावडरीत चरबी वितळवणारं काही नसतं, खाणं मोजकं होतं म्हणून वजन उतरतं. ताटावर बसलं की पोळी किती, भातावर तूप घ्यायचं का, भाजीवरचा तवंग बाजूला सारायचा का, असं प्रत्येक घासाला ठरवावं लागतं. ग्लासात हे सगळं आधीच ठरलेलं असतं. दिवसभराच्या नोकरीनंतर हा आराम फार मोठा वाटतो. मला तर त्या चार महिन्यांत पहिल्यांदाच जेवणाची भीती वाटेनाशी झाली होती.

याला मोठा पुरावाही आहे. ब्रिटनमधल्या ‘डायरेक्ट’ अभ्यासात टाइप २ मधुमेह होऊन सहा वर्षांच्या आत असलेल्या लोकांना तीन ते पाच महिने फक्त शेक आणि सूप दिलं, दिवसाला साधारण ८२५ ते ८५० कॅलरी. २०१७ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात पहिले निष्कर्ष आले. एका वर्षाने ४६ टक्के लोकांची साखर औषधांशिवाय मधुमेहाच्या पातळीखाली होती आणि दोन वर्षांनी ३६ टक्के लोकांची. पण त्यात पुढे काय होतं तेही वाचावं. शेक संपल्यावर दोन ते आठ आठवड्यांत नेहमीचं जेवण पायरीपायरीने सुरू केलं गेलं आणि नंतर महिन्यामहिन्याला भेटून वजन सांभाळायला मदत झाली. मधुमेहाच्या गोळ्या डॉक्टरांच्या देखरेखीखाली पहिल्याच दिवशी थांबवल्या होत्या.

मला यातला पहिला अर्धा भाग मिळाला, दुसरा नाही. ‘आता शेक बंद करून जेवायचं कसं?’ असं विचारलं तेव्हा क्लबमधून उत्तर आलं, आणखी एक डबा घ्या, चॉकलेटचा फ्लेवर नवीन आलाय. चार महिन्यांत मी स्वतःच्या ताटाबद्दल काहीच शिकले नव्हते. डबा सुटला आणि मी जिथून निघाले होते त्याच ताटावर परत बसले.

जाऊबाईंनी सुरुवात तेलापासून केली. आम्ही घरात चार मोठी माणसं आणि महिन्याला पाच किलो तेल. भागाकार केला तर माणशी रोज चाळीस ग्रॅमच्या वर, म्हणजे नुसत्या तेलातून पावणेचारशे कॅलरी. त्यांनी महिन्याचं दोन किलो तेल वेगळ्या बरणीत काढलं आणि फोडणीला पळीऐवजी चहाचा चमचा घेतला. पहिले पंधरा दिवस भाजी बेचव लागतेय म्हणून घरात कुरबूर झाली, मग सवय झाली. कूटही हात सैल सोडून पडायचं. एका मोठ्या चमचाभर कुटात पन्नास-साठ कॅलरी असतात हे आम्हाला कुठे माहीत होतं?

आता ग्लास आणि ताट शेजारी ठेवू. माझ्या डब्यावर एका वेळेला २६ ग्रॅम पावडर लिहिली होती. पाण्यात घेतली तर त्यातून मिळणारी प्रथिनं नऊ ग्रॅम. पाव लिटर टोन्ड दुधात घेतली की सतरा, म्हणजे जवळजवळ अर्धी प्रथिनं दुधाचीच. डब्यावरचा मोठा आकडा ‘दुधासह’ आहे का, ते बारीक अक्षरांत पाहाच. कॅलरी दुधासकट अडीचशेच्या आसपास. जाऊबाईंचं ताट असं: चाळीस ग्रॅम पिठाची ज्वारीची भाकरी, तीस ग्रॅम कोरड्या मटकीची उसळ एक चमचा तेलात, हवी तेवढी काकडीची कोशिंबीर आणि पेलाभर पातळ ताक. कॅलरी तीनशेच्या थोड्या वर, प्रथिनं बारा-तेरा ग्रॅम. एक उकडलेलं अंडं जोडलं की प्रथिनांत ताट ग्लासाच्या पुढे जातं. चोथा ताटात जास्त आहे, चावणंही आहे, त्यामुळे पोट जास्त वेळ भरलेलं राहतं. शेकनंतर मला दोन तासांत काहीतरी कुरकुरीत खावंसं वाटायचं. जीवनसत्त्वं आणि खनिजं मात्र चांगल्या शेकमध्ये मोजून घातलेली असतात. इतकं कमी खाताना ताटातून ती सगळी मिळवायची तर भाज्या बदलत राहाव्या लागतात, तिथे शेक उजवा.

पैशाचा हिशोब लवकर होतो. माझा अर्धा किलोचा डबा दोन हजारांच्या आसपास होता. त्यातून एकोणीस शेक निघतात. दिवसाला दोन घेतले तर डबा दहा दिवसही पुरत नाही, म्हणजे महिन्याला सहा हजार, दूध वेगळं. मटकीला आणि ज्वारीला याच्या आसपासही पैसे लागत नाहीत. वेळ मात्र लागतो: मटकी भिजवायची, मोड आणायचे, भाकरी थापायची. सकाळी सहाची लोकल पकडणाऱ्या बाईला हे सांगताना मला संकोच वाटतो. तिच्यासाठी दोन मिनिटांत होणारा ग्लास खरोखर सोय आहे.

काही जणांनी मात्र स्वतःहून शेक सुरू करू नये. इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारखी मधुमेहाची गोळी चालू असताना खाणं एकदम निम्म्यावर आणलं तर साखर धोकादायक खाली जाऊ शकते. रक्तदाबाच्या गोळ्यांचा डोसही बदलावा लागू शकतो. मूत्रपिंडाचा आजार, गरोदरपण, अंगावर पाजणं, वाढीचं वय यात डॉक्टरांना विचारल्याशिवाय नाही. फार झपाट्याने वजन उतरलं तर पित्ताशयात खडे होण्याची शक्यता वाढते. आणि पहिल्या आठवड्यात जे दोन-तीन किलो जातात त्यात बरंचसं पाणी असतं, त्या आकड्यावर पुढचे तीन डबे घेऊन टाकू नका.

माझं मत विचाराल तर असं. वजन बरंच जास्त आहे, मधुमेह नवा आहे आणि देखरेख करणारे डॉक्टर व आहारतज्ज्ञ हाताशी आहेत, तर ठरावीक मुदतीचा शेक घ्या. पहिला डबा उघडण्याआधी जेवणाकडे परतायचं वेळापत्रक त्यांच्याकडून लिहून घ्या. पाच-सात किलोच कमी करायचे असतील तर घरचं ताट मोजा.

मधला मार्गही आहे, मी सध्या त्यावर आहे. क्लबमध्ये सगळ्यांचा नाश्ता बदलतात. माझा नाश्ता तर वाटीभर पोहे होता, तो कधीच बिघडलेला नव्हता. तीन दिवस वहीत सगळं खाणं लिहिलं तेव्हा कळलं की माझा घात होतो संध्याकाळी सात वाजता: घरी येताच फरसाणाचा डबा, आणि त्यावर साडेनऊला पूर्ण जेवण. आता पोहे आहेत, दुपारचा डबा आहे, आणि सातला दुधातला शेक. साडेनऊला फक्त उसळ-कोशिंबीर. एक डबा जवळजवळ तीन आठवडे जातो. तुम्हीही वही करा, तीनच दिवस, आणि वेळ लिहायला विसरू नका.