मडगार्ड दाखवून आजोबांची सायकल नेली

मालवणात समुद्रापासून चालत पाच मिनिटांवर आमचं घर. मांगरात, म्हणजे घराशेजारच्या कोठारात, आजोबांची रॅले सायकल वीस वर्षं नारळाच्या सोडणांखाली पडून होती. आजोबा गिरणीत होते; 1959 साली ती त्यांनी मुंबईहून बोटीने आणली होती. गेल्या मे महिन्यात मांगर शाकारायला काढला तेव्हा ती बाहेर आली, आणि दुरुस्त करावी की भंगारात घालावी, या विचारात मी आठवडाभर होतो.

नेमका तेव्हाच जुनी भांडी, पेट्रोमॅक्स, सायकली घेत फिरणारा एक पिकअपवाला दारात आला. सायकल बघून काही बोलला नाही. स्क्रू-ड्रायव्हर काढला आणि मागच्या मडगार्डमध्ये आरपार घातला. मग चेनकव्हरमध्ये. पत्र्याचा तांबूस चुरा तळहातावर घेऊन माझ्यापुढे धरला. "दादानू, आतसून कुसली ही. रंग काढलात तर हातात तुकडे येतले." वीस किलो भरेल, पंचवीसने पाचशे, असा हिशोब करून त्याने पैसे दिले. आई आतून म्हणत होती, थांब जरा, मामाला विचारू. मी थांबलो नाही, याचं मला आजही फार वाईट वाटतं.

जाताना त्याने हँडलच्या मानेवरचा नगरपालिकेचा बिल्ला पक्कडीने उचकटून माझ्या हातात ठेवला. "आठवण म्हणान ठेवा." मला तो माणूस चांगला वाटला.

दोन महिन्यांनी बाजारातल्या सायकलवाल्याने मला हाक मारली. तीच सायकल ग्रीसिंगला त्याच्याकडे आली होती. फ्रेम ठणठणीत, चिमटा सरळ, मागच्या हबवर, म्हणजे चाकाच्या मधल्या तुंब्यावर, स्टर्मी-आर्चर या गिअर बनवणाऱ्या कंपनीचा शिक्का आणि शेजारी 58 हा आकडा. म्हणजे 1958 सालचा तीन गिअरचा हब, अजून चालू. ती गोव्यात अठरा हजारांना गेली म्हणे. मी पिकअपवाल्याला फोन लावला, तर नंबर बंद.

मडगार्ड आणि चेनकव्हर पातळ पत्र्याचे असतात. आमच्या खाऱ्या हवेत ते पहिले जातात. फ्रेमची नळी त्याहून कितीतरी जाड. एकाची भोकं दाखवून दुसरीचा निकाल देता येत नाही, आणि त्याने तेच केलं. फ्रेम कशी बघायची ते मला सायकलवाल्याने दाखवलं. सीटचा दांडा काढायचा, सायकल उलटी करायची आणि नळी ठोकायची. थोडी तांबडी पूड पडली तर घाबरायचं नाही. खपल्या पडल्या तर मात्र सावध. पावसाचं पाणी उतरून पायंडलच्या एक्सलच्या खोबणीत साचतं, म्हणून छर्रे काढून तिथे बॅटरी मारून बघायचं. मागच्या चाकाजवळचे जोड स्क्रू-ड्रायव्हरने जोर लावून दाबायचे. पायंडलचा दांडा एक्सलला धरून ठेवणारी कॉटर पिन निघत नसेल तर रॉकेल सोडून रात्रभर ठेवायची, हातोडीने झोडायची नाही. एवढं सगळं टिकलं तर सायकल दुरुस्त करण्यासारखी आहे. 28 इंची टायर-ट्यूब, ब्रेकचे रबर, आरे, छर्रे अजून कोणत्याही तालुक्याच्या बाजारात मिळतात, कारण आपल्या काळ्या सायकली त्याच मापाच्या आहेत. मडगार्ड तर नवेच बसवायचे असतात. आणि ही तपासणी घेणाऱ्याकडून करून घेऊ नका. पन्नास-शंभर रुपये देऊन तुमच्या ओळखीच्या मिस्त्रीला बोलवा.

बिल्ला काढून देण्यामागचं कारण मला नंतर कळलं. त्यावर नंबर होता, सायकल ओळखता आली असती. तो बिल्ला माझ्याकडे आहे. कुणाला गोव्यात किंवा इकडे किनाऱ्यावर हिरवी रॅले दिसली, जिच्या हँडलच्या मानेवर दोन बारीक भोकं असतील आणि त्यांच्यामधला रंग आजूबाजूपेक्षा गडद असेल, तर मला कळवा. मालकाने जी किंमत मोजली ती द्यायला मी तयार आहे.